वारस कोणी निवडायचा? लंडन आणि मुंबई, १९६३

१/२४
नोव्हेंबर १९६२. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीला नवे खातेमंत्री मिळाले आणि त्याच आठवड्यात महाराष्ट्राने आपला पहिला मुख्यमंत्री गमावला. दोन्ही बातम्यांतील गृहस्थ एकच होते : यशवंतराव चव्हाण. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला, हे वाक्य मराठी मुले शाळेपासून ऐकत आली आहेत. सह्याद्री गेल्यावर मागे कोण उरले, आणि त्याला कोणी निवडले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

२/२४
हा प्रश्न केवळ नावांचा नाही. उल्हासनगरच्या बराकींत फाळणीनंतर येऊन राहिलेली सिंधी कुटुंबे, अंबरनाथचे कारखाने, बदलापूरच्या आसपासची शेती, या साऱ्यांसंबंधीचे मोठे निर्णय तेव्हा मुंबईच्या सचिवालयात होत. सचिवालयाच्या सर्वोच्च खुर्चीवर कोण बसणार, हे मतदार ठरवीत नव्हते. ते एक पक्ष ठरवीत होता. आणि तो पक्ष ते कसे ठरवीत होता, याचा कोणताही काटेकोर नियम व्यवहारात नव्हता.

३/२४
याच सुमारास सात समुद्रांपलीकडे, लंडनमध्ये, आणखी एक सत्ताधारी पक्ष याच पेचात सापडला होता. ऑक्टोबर १९६३ मध्ये ब्रिटनच्या हुजूर पक्षाने नवा नेता निवडला. अवघ्या सात आठवड्यांनी महाराष्ट्र काँग्रेसलाही तेच करावे लागले. दोन्ही पक्षांनी एकच पद्धत वापरली : मतमोजणी नाही, कानोसा. त्यातून दोघांनी काढलेले धडे मात्र अगदी वेगळे होते. या लेखमालेचा विषय तो फरक आहे.

४/२४
प्रथम लंडन. हुजूर पक्षात नेता ‘निवडला’ जात नसे. तो ‘उदयास येत’ असे. जानेवारी १९५७ मध्ये सुएझ प्रकरणानंतर अँथनी ईडन यांनी राजीनामा दिला, तेव्हा लॉर्ड सॅलिसबरी आणि लॉर्ड किल्म्युअर यांनी मंत्र्यांना एकेकटे बोलावून विचारले : रॅब बटलर की हॅरॉल्ड मॅकमिलन? राणीने ज्येष्ठांचा सल्ला घेतला आणि १० जानेवारीला मॅकमिलन पंतप्रधान झाले. बटलर यांचे नाव बहुतेकांनी गृहीत धरले होते.

५/२४
मजूर पक्षाची रीत निराळी होती. तेथे खासदार मत देत आणि आकडे जाहीर होत. डिसेंबर १९५५ मध्ये ह्यू गेट्स्केल यांना १५७, अनायरिन बेव्हन यांना ७० आणि हर्बर्ट मॉरिसन यांना ४० मते पडली. १८ जानेवारी १९६३ रोजी गेट्स्केल यांचे निधन झाले आणि महिन्याभराच्या आत, १४ फेब्रुवारीला, हॅरॉल्ड विल्सन यांनी जॉर्ज ब्राउन यांना १४४ विरुद्ध १०३ मतांनी हरवले. किती जणांनी कोणाला नाकारले, हे सर्वांना कळले.

६/२४
ऑक्टोबर १९६३ मध्ये मॅकमिलन आजारी पडले. ब्लॅकपूल येथे पक्षाचे अधिवेशन चालू असतानाच ते पद सोडणार असल्याचे पत्र वाचून दाखवण्यात आले. ते वाचले परराष्ट्रमंत्री लॉर्ड होम यांनी. पुढे तेच वारस ठरले. त्या क्षणी मात्र सर्वांच्या तोंडी नावे होती ती बटलर, हेलशॅम आणि मॉडलिंग यांची.

७/२४
मॅकमिलन यांनी रुग्णालयातूनच सूत्रे हलवली. लॉर्ड चान्सलरनी मंत्र्यांचा, मुख्य प्रतोदांनी खासदारांचा, इतरांनी उमराव सभेचा आणि मतदारसंघांचा कानोसा घेतला. कोणाला काय विचारले आणि कोणाच्या मताला किती वजन दिले, हे सांगण्याचे बंधन कोणावरच नव्हते. १८ ऑक्टोबरला राणी स्वतः रुग्णालयात आली, मॅकमिलन यांचा सल्ला तिने ऐकला आणि होम यांना पाचारण केले. दुसऱ्या दिवशी ते पंतप्रधान झाले.

८/२४
चौदावे अर्ल असलेल्या होम यांना उमरावपदाचा त्याग करावा लागला. त्यानंतर सुमारे दोन आठवडे ब्रिटनचा पंतप्रधान कोणत्याच सभागृहाचा सदस्य नव्हता. नोव्हेंबरमध्ये स्कॉटलंडमधील एका पोटनिवडणुकीने त्यांना कनिष्ठ सभागृहात आणले. आयन मॅक्लाउड आणि इनॉक पॉवेल यांनी त्यांच्या मंत्रिमंडळात जाण्यास नकार दिला. बटलर मात्र गेले. बटलर यांनीही नकार दिला असता, तर होम यांचे सरकार बनले असते की नाही, याची चर्चा इतिहासकार आजही करतात.

९/२४
जानेवारी १९६४ मध्ये मॅक्लाउड यांनी ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकात लेख लिहून या पद्धतीला एक नाव दिले : जादूचे वर्तुळ. निर्णय घेणाऱ्या नऊ जणांपैकी आठ जण ईटन या एकाच शाळेचे माजी विद्यार्थी आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. होम नालायक होते, असा त्या लेखाचा रोख नव्हता. कानोसा घेणारे सगळे एकाच अंगणात वाढलेले असतील, तर त्यांना ऐकू येणारा आवाजही त्याच अंगणातला असतो, ही खरी तक्रार होती.

१०/२४
आता मुंबई. येथील कथा १९६३ च्या आधी, १९५६ पासून सुरू करावी लागते. द्वैभाषिक मुंबई राज्याचा नेता निवडायचा होता. आपली निवड बिनविरोध व्हावी, असा मोरारजी देसाई यांचा आग्रह होता. भाऊसाहेब हिरे यांनी तो मानला नाही. मोरारजी बाजूला झाले आणि सामना लागला चव्हाण विरुद्ध हिरे असा. मतदान झाले. चव्हाणांना ३३३, हिरे यांना १११. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी चव्हाण मुख्यमंत्री झाले, ते मोजलेल्या मतांनी.

११/२४
ही नोंद महत्त्वाची आहे. पुढे ज्यांच्या शब्दावर महाराष्ट्रात मुख्यमंत्री ठरू लागले, ते नेते स्वतः मतपेटीतून वर आले होते. मतदानाने पक्ष फुटला नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाने घेरलेल्या, १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात सपाटून मार खाल्लेल्या काँग्रेसलाही तो नेता टिकवून धरता आला. १ मे १९६० रोजी नव्या राज्याचा मंगल कलश त्याच नेत्याच्या हाती आला.

१२/२४
२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले. कृष्ण मेनन यांना संरक्षण खाते सोडावे लागले आणि नेहरूंनी चव्हाणांना बोलावले. मुंबईत मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले. चव्हाण लोकसभेचे सदस्य नव्हते; १९६३ मध्ये नाशिकच्या पोटनिवडणुकीत ते बिनविरोध निवडून आले. पदावर आधी, मतदारसंघ नंतर : वर्षभराने लंडनमध्ये होम यांच्या बाबतीत जे घडले, ते थोड्या वेगळ्या रीतीने येथे आधीच घडले होते.

१३/२४
कन्नमवार हे चंद्रपूरकडचे, गरिबीतून वर आलेले, विदर्भ काँग्रेसचे जुने कार्यकर्ते. विदर्भ महाराष्ट्रात येऊन जेमतेम अडीच वर्षे झाली होती आणि वेगळ्या विदर्भाची मागणी विझलेली नव्हती. अशा वेळी राज्याचे नेतृत्व विदर्भाकडे देण्यात राजकीय शहाणपण होते. पण वर्षभरातच, २४ नोव्हेंबर १९६३ रोजी, पदावर असतानाच कन्नमवारांचे निधन झाले.

१४/२४
दुसऱ्या दिवशी पी. के. सावंत यांनी हंगामी मुख्यमंत्रिपद स्वीकारले. पुढचे दहा दिवस महाराष्ट्र काँग्रेससाठी तसेच होते, जसे हुजूर पक्षासाठी ऑक्टोबरमधले. साताऱ्याच्या पाटणचे बाळासाहेब देसाई यांचे नाव जोरात होते. करारी आणि आपल्या मुलखात पाय घट्ट रोवलेला हा नेता खुल्या लढतीत किती मते मिळवतो, हे पाहण्यासारखे ठरले असते. ती लढत झाली नाही.

१५/२४
५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. विधिमंडळ पक्षाने त्यांची निवड केली खरी, पण नाव ठरले ते दिल्लीत बसलेल्या चव्हाणांच्या संमतीने. नाईक यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे, बंजारा समाजातील, महसूल खात्याचा दांडगा अनुभव असलेले. विदर्भाकडे नेतृत्व राहिले, पश्चिम महाराष्ट्रातील मातब्बर मराठा घराण्यांपैकी कोणाचेही पारडे जड झाले नाही, आणि चव्हाणांच्या घरच्या प्रदेशात त्यांना प्रतिस्पर्धी उभा राहिला नाही. एका होकारात तीन हिशेब जुळले.

१६/२४
येथे न्यायाने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. लंडनच्या कानोशाने उमराव निवडला. मुंबईच्या कानोशाने बंजारा तांड्यातून आलेला वकील. मतदान झाले असते तर संख्येने बलाढ्य असलेल्या पश्चिम महाराष्ट्राने आपला माणूस बसवला असता, हा तर्क सहज फेटाळता येत नाही. कधी कधी संख्याबळ नसलेल्याला खुर्ची मिळते ती एखाद्या दूरदर्शी नेत्याच्या होकारामुळेच. मतमोजणीच्या कैवाऱ्यांनी हा आक्षेप टाळू नये.

१७/२४
शिवाय निवड उत्तम ठरली. नाईक अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिले. एवढी प्रदीर्घ कारकीर्द महाराष्ट्रात आजवर दुसऱ्या कोणाची नाही. जिल्हा परिषदांचा पाया घालणारा अहवाल त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीचा. संकरित बियाणे, १९७२ च्या दुष्काळातील रोजगार हमीची कामे ही त्यांच्या कारकिर्दीची ओळख. औद्योगिक विकास महामंडळाचे बदलापूरजवळचे बारवी धरणही त्याच काळातले. आजही अंबरनाथ–बदलापूरच्या अनेक नळांचा उगम तेथे आहे.

१८/२४
आणि नेमकी हीच खरी अडचण आहे. हुजूर पक्षाचा कानोसा फसला : ऑक्टोबर १९६४ च्या निवडणुकीत मजूर पक्ष अवघ्या चार जागांच्या बहुमताने सत्तेवर आला. पराभवाने प्रश्न विचारायला भाग पाडले. महाराष्ट्रात कानोसा यशस्वी झाला, म्हणून कोणी प्रश्नच विचारला नाही. चुकीच्या पद्धतीला चांगल्या निकालाइतकी भक्कम ढाल दुसरी नसते. नाईकांचे यश हे नाईकांचे होते. पक्षाने ते पद्धतीच्या नावे जमा केले.

१९/२४
लंडनमध्ये पुढे काय झाले ते पाहावे. स्वतः होम यांनीच फेब्रुवारी १९६५ मध्ये नेतानिवडीचे लेखी नियम लागू केले. जुलैमध्ये ते पायउतार झाले आणि खासदारांनी मतदान केले : एडवर्ड हीथ १५०, मॉडलिंग १३३, पॉवेल १५. चौदाव्या अर्लच्या जागी सुताराचा मुलगा आला. ज्या पद्धतीने आपल्याला वर आणले, तीच मोडण्याचे काम होम यांनी केले, ही त्यांच्या कारकिर्दीतील फारशी न सांगितली जाणारी गोष्ट.

२०/२४
दिल्लीतही तेव्हा हाच प्रयोग चालू होता. २७ मे १९६४ रोजी नेहरू गेले. काँग्रेस अध्यक्ष कामराज यांनी खासदारांचा आणि मुख्यमंत्र्यांचा कल जाणून घेऊन ‘एकमत’ जाहीर केले आणि लालबहादूर शास्त्री नेते झाले. शास्त्रींच्या निधनानंतर जानेवारी १९६६ मध्ये मोरारजी देसाई यांनी माघार घेण्यास नकार दिला, म्हणून मते मोजावी लागली : इंदिरा गांधी ३५५, मोरारजी १६९. नियम म्हणून नव्हे, एका माणसाच्या हट्टामुळे. पुढे तसा हट्ट धरणारे विरळ होत गेले.

२१/२४
आता फेब्रुवारी १९७५ पाहा. लंडनमध्ये निवडणुका हरलेल्या हीथ यांना त्यांच्याच खासदारांनी आव्हान दिले. पहिल्या फेरीत मार्गारेट थॅचर १३०, हीथ ११९. हीथ गेले आणि ११ फेब्रुवारीला थॅचर नेत्या झाल्या. त्याच महिन्यात मुंबईत वसंतराव नाईक यांची अकरा वर्षांची कारकीर्द संपली आणि २१ फेब्रुवारीला शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. निर्णय दिल्लीचा होता. आमदारांच्या मतांचे आकडे नाहीत, कारण मोजण्यासारखे काही घडलेच नाही.

२२/२४
नाईक ज्या होकाराने आले, तसल्याच होकाराच्या अभावी गेले. फक्त होकार देणारा हात बदलला होता. १९६३ मध्ये तो यशवंतरावांचा होता, १९७५ मध्ये इंदिरा गांधींचा. यशवंतराव तेव्हा केंद्रात परराष्ट्रमंत्री होते, आणि त्यांनी बसवलेला मुख्यमंत्री त्यांच्या डोळ्यांदेखत बदलला. यानंतर ‘नेतानिवडीचे सर्वाधिकार श्रेष्ठींना’ हा एका ओळीचा ठराव महाराष्ट्राच्या अंगवळणी पडला. बाबासाहेब भोसले १९८२ मध्ये मुख्यमंत्री झाले ते याच वाटेने. १९६३ चा सौम्य, सुजाण कानोसा आणि पुढचा दिल्लीचा आदेश यांत अंतर दिसते तेवढे मोठे नाही. पहिल्याने दुसऱ्याची वाट मोकळी केली.

२३/२४
हा इतिहास अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूरच्या तरुण वाचकाला परका वाटू नये. जून २०२२ मध्ये येथील गल्लोगल्लीच्या शाखांपुढे एकच प्रश्न उभा राहिला : पक्ष कोणाचा? त्याचे उत्तर शाखांनी दिले नाही. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी ते निवडणूक आयोगाने दिले, आणि पक्षाच्या घटनेतील अंतर्गत लोकशाहीच्या अभावावर बोट ठेवून लोकप्रतिनिधींच्या संख्याबळाची कसोटी लावली. कोणती बाजू बरोबर, हा वेगळा वाद. पण ज्या पक्षाला स्वतःच्या घरात मते मोजण्याची सवय नसते, त्याची मते शेवटी बाहेरचा कोणीतरी मोजतो. हे दोन्ही बाजूंना सारखेच लागू आहे, आणि महाराष्ट्रातील इतर पक्षांनाही.

२४/२४
१९६३ कडे पाहताना नाईकांची निवड चुकीची ठरवण्याचे कारण नाही. यशवंतरावांच्या दूरदृष्टीबद्दलही शंका नको. पण दूरदृष्टी वारशाने पुढे जात नाही, नियम जातो. होम यांच्याकडे यशवंतरावांची उंची नव्हती, तरी त्यांनी मागे एक नियम ठेवला आणि दहा वर्षांनी त्या नियमाने एका बलाढ्य नेत्याला घरी पाठवले. यशवंतरावांनी मागे एक उत्तम मुख्यमंत्री ठेवला, नियम ठेवला नाही. ३३३ विरुद्ध १११ हा आकडा ज्यांच्या नावावर होता, त्या नेत्याने तो आकडा पक्षाची रीत बनवला असता, तर महाराष्ट्राचा पुढचा इतिहास निदान मुंबईत लिहिला गेला असता.
(समाप्त)